नंबर प्लेटवर पट्टी लावली, आता पोलिसांचा फोन आलाय

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातला. जळगावच्या एमआयडीसीत नोकरीला, रोजची ये-जा. गाडी वडिलांच्या नावावर, २०१६ची, नंबर प्लेट जुनीच. महामार्गावर दोन महिन्यांत वेगाची तीन चालानं आली. शालक म्हणाला, कॅमेऱ्याला चकवता येतं. आधी ऑनलाइन मागवलेला स्प्रे प्लेटवर मारला, आरशाला सीडी टांगली. तरी चौथं चालान आलंच. मग त्याने काळी चिकटपट्टी लावून इंग्रजी तीनचा आठ केला. आता आमच्या गाडीचा फोटो असलेलं चालान भुसावळच्या एका शिक्षिकाबाईंना गेलं आणि त्यांनी तक्रार केली. ठाण्यातून फोन आला, गाडी घेऊन या. शालक म्हणतो, पट्टी खरवडून टाक आणि कॅमेऱ्याची चूक आहे म्हण, नाहीतर गाडी वडील चालवत होते असं सांग. आते काय करू, वकीलसाहेब?

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे शालकाचा सल्ला घेणं आजपासून बंद. या महाशयांनी चार चालानांचं फौजदारी प्रकरण करून दिलंय.

गाडी आहे तिथेच उभी करा, चालवू नका. त्या नंबरने ती रस्त्यावर काढली की दर खेपेला नवा गुन्हा. पण पट्टीला हातही लावू नका. तुम्हाला वाटेल, उन्हाने डिंक सुटलाच आहे, कड वर आलीय, एका नखाने निघेल. निघेल हो. पण तक्रार झाल्यावर पट्टी काढली तर पुरावा नष्ट केल्याचं आणखी एक कलम लागू शकतं, आणि फोटोत ती दिसतेच आहे. बाईंची गाडी लाल, फोटोतली पांढरी असेल तर पोलिसांना फार डोकं लावावं लागत नाही. वाहनाच्या सरकारी नोंदीत कंपनी, मॉडेल, रंग सगळं असतं. वर टोलनाक्यावर तुमचा फास्टॅग खऱ्या नंबरचाच वाजतो.

आता गुन्ह्याचं स्वरूप. स्प्रे आणि सीडी हा मूर्खपणा होता. तीनचा आठ करणं वेगळं आहे. नोंदणीचा नंबर नीट न लावल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ आणि १९२ आहे, पहिल्या खेपेला दोन ते पाच हजारांपर्यंत दंड. तेवढ्यावर भागलं तर नशीब. अशा प्रकरणात पोलीस भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं (३१८) आणि बनावटीचं (३३६) कलम लावू शकतात. 'दस्तऐवज' म्हणजे फक्त कागद असं कायद्यात नाही. कुठल्याही वस्तूवर अक्षरांनी, आकड्यांनी मांडलेला मजकूर त्यात येऊ शकतो. फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझ्या मते बचावाला जागा आहे, पण ती वकिलाने कोर्टात मांडायची, तुम्ही ठाण्याच्या बाकावर बसून नाही.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास-अटकेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. फोन म्हणजे नोटीस नव्हे, तरी टाळू नका. वकिलाला सोबत घेऊन जा. नोटीस आली आणि तुम्ही नेमाने हजर राहिलात, तर कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. अटकेची शंका आली तर कलम ४८२खाली अटकपूर्व जामीन मागता येतो. वकिलाचे पैसे नसतील आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

वडिलांनी गाडी चालवली असं सांगणं तर नकोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं की मालकाने चालकाची माहिती द्यावी लागते. खोटी दिली तर तुमच्यासोबत तेही अडकतील. शिवाय फोटो कामाच्या वेळचे, वडील शेतात. कोण विश्वास ठेवणार?

शिक्षिकाबाईंकडे पेढे घेऊन 'मिटवा' म्हणायला जाऊ नका. साक्षीदारावर दबाव आणला असं दिसेल. फसवणुकीच्या कलमात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते, बनावटीच्या कलमात होत नाही. त्यांच्या नावचं चालान तुमच्या खऱ्या नंबरवर यावं, एवढं तपास अधिकाऱ्याला लेखी सांगता येईल, तेही वकिलाच्या नजरेखालून गेलेल्या कागदावर.

स्प्रेचे पैसे गेले त्याचं दुःख करू नका, पण ते का गेले हे समजून घ्या. वेग मोजणारी पोलिसांची लेझर गन अदृश्य प्रकाशाचे ठोके सोडते, ते गाडीवरून परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजते आणि सेकंदाच्या अंशात ते अंतर किती बदललं त्यावरून वेग काढते. मोजली जाते ती गाडी. प्लेट नंतर वाचली जाते. तीही बहुतेक यंत्रं इन्फ्रारेड उजेडात, एकाहून जास्त चित्रांतून वाचतात, म्हणून 'फ्लॅश उलटवणारा' लेप काही कामाचा नाही. सीडीने आरसा तेवढा चमकतो. गन शेकडो मीटर लांबून वाचते, त्यामुळे पोलिसांची गाडी दिसल्यावर ब्रेक मारेपर्यंत आकडा पडलेला असतो. 'दहा टक्के सूट असते' हे तर मला कोर्टाच्या आवारातसुद्धा ऐकायला मिळतं; मोटार वाहन कायद्याच्या वेगाच्या कलमात, १८३ मध्ये, अशी सूट कुठेही नाही. माझंही एक चालान आलं होतं, गुपचूप भरलं.

आधीच्या चार चालानांवर मात्र खरा कायदा वापरा. चारचाकीला वेगाचा दंड एक ते दोन हजार. नुसतं पोलिसाला गाडी वेगात वाटली म्हणून शिक्षा होत नाही, यंत्राची मोजणी लागते, असं त्याच कलमात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७अ प्रमाणे यंत्र प्रमाणित हवं, रस्त्यावर पूर्वसूचनेचा फलक हवा, चालानवर मोजलेला वेग, ठिकाण, तारीख-वेळ आणि प्लेट दिसणारा फोटो हवा, नोटीस पंधरा दिवसांत हवी. उशीर झाला म्हणून चालान आपोआप बाद होतं असं समजू नका; तो हरकतीचा मुद्दा आहे. चारही उघडून बघा. त्रुटी असेल तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका, नसेल तर भरा. वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला की परवाना जप्त होऊ शकतो, तेव्हा चार थकलेली ठेवून पाचव्याची वाट बघू नका. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून मात्र एक रुपयाही भरू नका.

तपास संपून गाडी मोकळी झाली की उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही ती बंधनकारक आहे. आणि वडिलांना आज रात्रीच सगळं सांगा. गाडी त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे पुढचा कागद घरी येईल तो त्यांच्याच नावाने.