संशयाचा फायदा आणि तुमची साक्ष

प्रश्न : ऑफिसमधल्या वरिष्ठाने माझ्यावर बलात्कार केला. फिर्याद मी नऊ दिवसांनी दिली. सत्र न्यायालयाने त्याला संशयाचा फायदा देऊन सोडलं. कारणं अशी : उशीर झाला, अंगावर जखमा नाहीत, कोर्टात सांगितलेल्या काही गोष्टी पोलिस जबाबात नाहीत, आणि त्याच रात्री मी त्याला ‘पोचले’ असा मेसेज केला होता. उच्च न्यायालयात जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट. संशयाचा फायदा दिला म्हणजे तुम्ही खोटं बोललात असं कोर्टाने ठरवलं, असा अर्थ होत नाही. पुरावा वाजवी संशयापलीकडे पोचला नाही, एवढंच त्यातून निघतं. हे मनाशी पक्कं ठेवा.

अपील करता येईल. पीडितेचा हा हक्क जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 372 च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या तरतुदीत) होता, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 413 मध्ये आहे. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं.

उशीर आणि जखमा या कारणांना मी घाबरत नाही. गुरमित सिंग खटल्यात (1996) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की विश्वासार्ह वाटली तर एकट्या पीडितेची साक्षही शिक्षेला पुरते. अशा गुन्ह्यात फिर्यादीला उशीर का होतो, हेही तिथे समजून घेतलं आहे. आणि शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येत नाही, हे 2013 पासून कायद्यातच लिहिलेलं आहे.

जबाबातली तफावत मात्र नीट तपासावी लागेल. दार लावलं की कडी घातली, अशा फरकाला किंमत नाही. पण घटनेचा गाभाच जबाबात नसेल, तर ते वगळणं विसंगतीइतकंच जड जातं. इथे एक बारकावा अनेकदा निसटतो : जबाबातली उणीव आधी तुम्हाला उलटतपासात दाखवावी लागते आणि नंतर तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून सिद्ध करावी लागते. बचावाच्या वकिलांनी अधिकाऱ्याला ते विचारलंच नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती तफावत सिद्धच झालेली नाही. निकाल तिच्यावर उभा असेल, तर अपिलातला हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा ठरेल.

मेसेजबद्दल खरं सांगतो, तुमच्या प्रकरणात मला काळजी आहे ती त्याचीच. घाबरलेली, नोकरी टिकवू पाहणारी बाई नेहमीसारखं वागत राहते, हे मला पटतं. पण तुम्ही तो का पाठवला, हे साक्षीत नोंदलं गेलं आहे का? असेल आणि न्यायाधीशांनी त्याचा विचारच केला नसेल, तर जोर लावता येईल. नसेल, तर अपिलात नवा खुलासा सहसा चालत नाही. जादा पुरावा घ्यायचा अधिकार कोर्टाला आहे, पण तो क्वचित वापरला जातो.

वाट अवघड आहे, हे लपवत नाही. चंद्रप्पा निकालात (2007) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुटलेल्या आरोपीच्या निर्दोषत्वाचं गृहीतक आणखी बळकट होतं. पुराव्यातून दोन्ही मतं रास्तपणे निघत असतील, तर उच्च न्यायालय सुटका बदलत नाही. त्यामुळे निकाल चुकला, एवढं म्हणून भागणार नाही. असा निष्कर्ष या पुराव्यावर निघूच शकत नव्हता, हे दाखवावं लागेल.

या आठवड्यात निकाल, तुमची साक्ष आणि तपास अधिकाऱ्याची साक्ष यांच्या प्रमाणित नकला मागवा. उशीर करू नका, मुदतीचा वाद ओढवून घ्यायला नको. सरकारही अपील करणार आहे का, हे सरकारी वकिलांना विचारा. अपिलाच्या कागदांत तुमचं नाव उघड होणार नाही, याची काळजी वकिलांना पहिल्याच दिवशी घ्यायला सांगा.