‘सीमापार’ रोग म्हणजे नेमका कुणाचा?

गोव्यातल्या पेडण्याच्या एका वाचकांनी विचारलंय: ‘आमच्या दूध संस्थेच्या फलकावर “सीमापार पशुरोगांपासून सावध राहा” असं लिहायचं घाटतंय. ट्रान्सबाउंडरी ॲनिमल डिसीजेस या संज्ञेसाठी “सीमापार” बरोबर की “आंतरसीमा”?’

माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. ‘आंतरसीमा’चा निकाल चटकन लागतो. आंतरशालेय म्हणजे शाळाशाळांमधलं, आंतरराष्ट्रीय म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधलं. त्या न्यायाने आंतरसीमा म्हणजे सीमासीमांमधलं काहीतरी. पत्रादेवीच्या नाक्यावर गोवा-महाराष्ट्राची सीमा एकच आहे, तेव्हा हा शब्द सोडून देऊ.

‘सीमापार’ जास्त फसवा. मराठीत नामाला ‘पार’ जोडला की आपल्या मनात पलीकडची जागा उभी राहते. नदीपार म्हणजे नदीच्या पल्याड, सातासमुद्रापार म्हणजे फार लांब. त्यातून गेली काही वर्षं बातम्यांनी ‘सीमापार दहशतवाद’ कानावर इतका आदळलाय की ‘सीमापार’ म्हटलं की उपद्रव तिकडचा आणि सोसणारे आपण, हे गृहीतच धरलं जातं. तुमचा फलक वाचणारा पेडणेकर महाराष्ट्रातल्या सातार्ड्याकडे बोट दाखवील. सातार्ड्यात हाच फलक लावला तर तिथली बोटं आपल्याकडे वळतील.

मूळ संज्ञेत असा रोख नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची व्याख्या साधारण अशी: जे रोग अनेक देशांच्या अर्थव्यवहाराला, व्यापाराला आणि अन्नसुरक्षेला धक्का देतात, एका देशातून दुसऱ्या देशात सहज पसरतात, आणि ज्यांना आवर घालायला अनेक देशांना हातात हात घालावे लागतात, ते. रोग कुठून निघाला हा मुद्दा त्यात येतच नाही. म्हणून लाळ्या-खुरकूत, लम्पी, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हे या यादीत बसतात. कासदाह, म्हणजे कासेची सूज, बसत नाही, दुधाचं कितीही नुकसान करत असला तरी. गुरांचा फऱ्या रोगही नाही, कारण तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जात नाही, जमिनीतल्या जंतूंमुळे होतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकल्यावर ‘सीमापार’ म्हणताना जीभ जरा अडखळेल. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरं वाटेत बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली होती. त्यांच्याबरोबर बुळकांडी ही गुरांची जीवघेणी साथही उतरली आणि बेल्जियममधली गुरं मरू लागली. युरोप हादरला. १९२१ मध्ये पॅरिसला परिषद भरली आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी करार करून एक कचेरी उभारली. जनावरांच्या रोगांची खबर एकमेकांना वेळेवर द्यायची, हे तिचं पहिलं काम. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच, संयुक्त राष्ट्रांपेक्षाही वयाने मोठी. म्हणजे ज्या रोगामुळे हा सगळा घाट घातला गेला, त्यातला ‘सीमेपलीकडचा’ पक्ष आपण होतो!

‘बुळकांडी’ हा शब्दही थांबून पाहण्यासारखा आहे. जर्मनांनी या रोगाला ‘रिंडरपेस्ट’, म्हणजे गुरांची महामारी, असं भारदस्त नाव दिलं. आपल्याकडच्या शेतकऱ्याने गोठ्यात जे ऐकलं तेच नाव ठेवलं. पातळ शेण बुळकन पडतं, त्यावरून बुळकांडी. (जेवताना वाचत असाल तर क्षमस्व.) २०११ मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसराच रोग. शब्द मात्र गेला नाही. मराठी मुलुखात काही ठिकाणी शेळ्यांच्या पीपीआरलाच आता बुळकांडी म्हणतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. तो पीपीआरही २०३० पर्यंत जगातून घालवायचा, असा अन्न व कृषी आणि पशुआरोग्य या दोन्ही आंतरराष्ट्रीय संघटनांचा संकल्प आहे.

मग लिहायचं काय? कुणीतरी ‘सीमोल्लंघी रोग’ सुचवील, पण त्याला दसऱ्याच्या सोन्याचा वास येतो. मला साधं ‘हद्द ओलांडणारे रोग’ आवडतं. एक तर त्यात क्रियापद जिवंत आहे, रोग चालतोय हे दिसतं, आणि तो कुठल्या बाजूने आला हे गुलदस्त्यात राहतं. दुसरं, सीमा म्हटलं की देशाची आठवते आणि शीव गावाची. राज्याच्या नाक्याला ‘हद्द’ बरोबर बसते. पत्रादेवीला गुरांचा ट्रक अडवता येतो, लम्पी पसरवणाऱ्या गोमाशीला आणि डासाला कोण थांबवणार? ओलांडणं हेच त्यांचं काम.

फलकावर ‘पशुधन’ वगैरेही नको. आपल्याकडे दिवाळीत गोरवांचो पाडवो असतो, त्याला कुणी पशुधन पाडवा म्हणत नाही. तेव्हा एवढंच लिहा: ‘गुरांचे साथीचे रोग हद्द ओलांडतात. बाहेरून आणलेलं जनावर काही दिवस वेगळं बांधा. आपलं जनावर आजारी असेल तर ते बाहेर विकू नका, आधी पशुवैद्यांना कळवा.’ तिसरं वाक्य गाळू नका, सातार्डेकरांचा जीव त्यात आहे.