भाजी बघून थैली शिवा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोठी थैली घेऊन बाजारात जाता, तरी घरी आल्यावर आतून ढीगभर पन्न्या (प्लास्टिकच्या पातळ पिशव्या) निघतात, ऑनलाइन जाळीच्या पिशव्यांचा सेट दिसतोय, तो मागवावा का, आणि कापडात ठेवलेली मेथी दुसऱ्या दिवशी माना टाकते. सेटचं आधी सांगून टाकते, मागवू नका. मेथीचं दुखणं मात्र खरं आहे, भुसावळच्या उन्हात तर जास्तच, त्यामुळे त्यावर सविस्तर लिहिते.

जाळीच्या त्या पिशव्या बहुतेक पॉलिस्टरच्या असतात, म्हणजे फिरून प्लास्टिकच. टिकत नाहीत असं नाही. पण मिरचीचे देठ जाळीत अडकतात, बटाट्याची माती गळून खालच्या भाजीवर बसते आणि पाल्याला चारी बाजूंनी झळ लागते. लिंबं, टमाटे एवढ्यापुरत्या बऱ्या. कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्या दुकानदार कौतुकाने देतात, त्याही पॉलिप्रॉपिलिनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच. उन्हात राहिल्या की त्यांचा भुगा पडायला लागतो.

मग नव्या सुती पिशव्या घ्याव्यात का? तिथेही गोम आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये खरेदीच्या पिशव्यांचा हिशेब मांडला होता. नुसत्या हवामानाच्या अंगाने बघितलं तरी साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरावी, तेव्हा ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. बाकीचे सगळे परिणाम धरले तर आकडा ७,१०० वर जातो. सेंद्रिय कापसाचा तर २०,०००, कारण त्यांनी त्याचं एकरी पीक कमी धरलं होतं. कापसाला काय काय लागतं हे खान्देशात कोणाला सांगायला नको. शिवाय ती तुलना मोठ्या पिशव्यांची. भाजीची पन्नी त्याहून कितीतरी हलकी, म्हणजे आपल्यासाठी हिशेब आणखी कडक. त्यांनी गटारात अडकलेली आणि गाईच्या पोटात गेलेली पन्नी धरलेली नाही, हेही खरं. पण हा सगळा हिशेब नव्या कापडाचा आहे. घरातल्या जुन्या साडीचा कापूस केव्हाच पिकून, विणून, वापरून झालेला असतो. म्हणून विकत घेऊ नका, शिवा. आणि शिवताना ती थैली कुठल्या भाजीची, ते आधी ठरवा.

खरं तर प्रत्येक भाजीला वेगळी थैली लागतच नाही. गिलके, दोडके, काकडी, कोबी, डांगराची फोड नसून अख्खं डांगर असेल तर तेही, सरळ मोठ्या थैलीत जाऊ द्या. वेगळं ठेवावं लागतं ते चार प्रकारचं: पालेभाजी, बारीक माल (मिरची, लसूण, लिंबं), मातीचा माल (बटाटे, अद्रक, रताळी) आणि दबून खराब होणारा नाजूक माल.

पालेभाजीला जुनं धोतर किंवा सुती साडी. धुऊन धुऊन खळ गेलेलं कापड पाणी चटकन पितं, हाच त्याचा गुण. मातीच्या मालाला मांजरपाट. कोरा असेल तर रात्रभर भिजत घाला, नाहीतर शिवल्यावर आटतो आणि थैली वाकडी होते. जॉर्जेटच्या साड्या बोहारणीला देऊन टाकू नका. बटाट्यासाठी त्या मांजरपाटापेक्षाही सोयीच्या, कारण झटकली की माती जाते आणि धुतली की लगेच वाळते. पाला मात्र त्यात घालू नका, आत घामेजतो. जुन्या मच्छरदाणीची थैली छान होते असं कोणीतरी सुचवेलच, पण औषध लावलेली मच्छरदाणी असेल तर तिला भाजीजवळ आणू नका. ते कीटकनाशक असतं.

सगळ्यात सोपी थैली परकराची. नेफा तयार, नाडी तयार. कमरेपासून हातभर खाली कापा, खालून दुहेरी टीप मारा, झाली कांद्यांची थैली.

साडीची शिवताना एक युक्ती आहे. साडी मधोमध, जिथे निऱ्या येतात आणि बसून बसून घासलं जातं, तिथे विरलेली असते. हाताला ताणून बघा, उजेडापुढे धरून बघा. विरलेला भाग पुसण्यासाठी ठेवा. पदराकडचं कापड सहसा दणकट निघतं. तुकडा असा कापा की साडीचा काठ थैलीच्या तोंडाशी येईल. काठ उसवत नाही, त्यामुळे तोंडाला वेगळी पट्टी लावावी लागत नाही. तोच दुमडून नेफा करायचा आणि नाडी ओवायची. पाल्यासाठी १२ बाय १८ इंच, बाकीला १० बाय १४ पुरे. शिवण दुहेरी घ्या: आधी सुलट बाजूने टीप, मग उलटवून दुसरी टीप, म्हणजे कापडाच्या कडा शिवणीच्या आत बंद होतात. हे नखरे नाहीत. आत दोरे सुटलेले असले की भेंडीची लव आणि मिरचीचे देठ त्यात असे गुंततात की थैली झटकून रिकामी होत नाही.

नाजूक मालात आपल्याकडे पहिला मान भरताच्या वांग्यांचा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साल इतकी पातळ की वर बटाटे पडले तर डाग पडलाच. हिवाळ्यात मी त्यासाठी उशीचा जुना अभ्रा नेते. रुंद असतो, वांगी एकावर एक न पडता शेजारी बसतात, आणि ती थैली हातातच राहते, गाडीच्या डिक्कीत जात नाही.

आता मेथी. कापडात ठेवली म्हणून ती सुकत नाही. कोरड्या हवेत उघडी राहिली म्हणून सुकते. तोडल्यावरही पानातून पाणी उडत असतं. पन्नी ते आत कोंडते, म्हणून पाला ताजा दिसतो; पण तेच पाणी पानांवर जमलं की तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होतो. कापड पाणी शोषतं, पण कोंडत नाही. आणि हल्लीच्या फ्रॉस्ट-फ्री (बर्फ न साठणाऱ्या) फ्रिजमध्ये हवा सतत फिरते, ती मे महिन्यातल्या आपल्या हवेसारखीच कोरडी. तेव्हा एकट्या कापडाने काम होत नाही. कापड आणि डबा अशी जोडी लागते.

घरी आल्या आल्या जुडीची दोरी सोडा. आतली पिवळी, चिरडलेली पानं काढून टाका. सड तिथूनच सुरू होते. धुऊ नका. थैली ओली करून घट्ट पिळा, पाण्याचा थेंब गळता कामा नये, आणि पाला तिच्यात मोकळा भरा. ही थैली स्टीलच्या डब्यात किंवा फ्रिजच्या खालच्या बंद कप्प्यात. कोथिंबीर, शेपू, पोकळा, सगळ्यांना हेच. कोथिंबीर ओलीच मिळाली असेल तर कापड कोरडं ठेवा. टमाटे आणि पिकती केळी त्या कप्प्यात नकोत. त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने पानं लवकर पिवळी पडतात.

बाजारातून येतानाही, एप्रिल-मे असेल तर, पाल्याची थैली घरूनच ओली पिळून न्या. हवा कोरडी असल्याने पाणी उडतं आणि उडताना आतला माल गार ठेवतं. माठाचंच तत्त्व.

बाजारातली गोष्ट सोपी आहे, फक्त वेळ साधावी लागते. भाजीवाल्याचा हात आधी पन्नीकडे जातो, तागडी नंतर उचलतो. त्यामुळे भाव विचारतानाच थैलीचं तोंड उघडून लोटगाडीवर धरा. "भाऊ, पन्नी नको, थैलीमाच टाका," एवढं पुरतं. पारड्यातून थेट थैलीत, वजनाचा वाद नाही. एखादी मावशी "अवं, मिरची सांडी जाई" म्हणत पन्नी पुढे करेलच. तिला नाडी ओढून दाखवा. आणि जाड पन्नी चालते असं कोणी सांगितलं तर खरं नाही. महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून लागू झालेल्या बंदीत हँडलच्या आणि बिनहँडलच्या अशा दोन्ही पिशव्या आल्या, पहिल्या वेळचा दंड ५,००० रुपये. तेवढी बऱ्याच लोटगाडीवाल्यांची दिवसाची विक्रीही नसते. पन्नी नाकारली तर त्याचाही खर्च वाचतो, म्हणून सहसा कोणी नाराज होत नाही.

मॉलमध्ये मात्र थैली वजनात धरली जाते. पातळ सुती थैली थोड्याच ग्रॅमची, पण मांजरपाटाची चांगली भरते, आणि लसणाच्या भावात ते परवडत नाही. घरी थैली तोलून तिचं वजन काठावर दोऱ्याने काढून ठेवा आणि काउंटरवरच्या मुलाला आधी रिकामी थैली काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा. स्टिकर कापडाला धरत नाही. एका पुठ्ठ्यावर सगळे स्टिकर लावून तो पुठ्ठा बिलाला द्या.

थैल्या उलट्या करून धुवा, उन्हात वाळवा आणि वाळल्या की कपाटात न ठेवता सगळ्या मोठ्या थैलीत कोंबून ती दाराच्या खुंटीला किंवा डिक्कीत ठेवा. मटण-मासळी आणि पनीरसाठी कापड नकोच, झाकणाचा डबा न्या.

पावसाळ्यात ओल्या थैलीचा नाद सोडा. हवाच दमट असते, पाणी उडत नाही आणि पाला आत कुजतो. तेव्हा कोरडं धोतर, मोकळा पाला आणि दोन दिवसांपुरतीच खरेदी.

तुमच्याकडची साडी जरीच्या काठाची असेल तर कळवा. तो काठ दुमडत नाही, नेफा वेगळा लावावा लागतो. तो कसा ते सांगते.