विज्ञानकथा-अद्भुतकथांना मिळणाऱ्या ह्यूगो-नेब्युला पुरस्कारांच्या नामांकित कथांवर मराठीत लिहायचं आहे, इंग्रजी साहित्य शिकलेलो नाही. जमेल का? आणि कथा आवडली नाही तर तसं लिहावं का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरा अडसर तोच असतो. लिहावं. बिनधास्त लिहावं.

ह्यूगोची मतं वर्ल्डकॉन नावाच्या संमेलनाचे सदस्य देतात. कुणी पंडित नाहीत ते, पैसे भरून सदस्य झालेले वाचक आहेत. अंतिम यादीतल्या सहा कथांना पसंतीक्रम द्यायचा, आणि त्याच मतपत्रिकेवर आणखी एक पर्याय असतो, ‘कुणालाच नको’. आपल्या नोटासारखाच, फक्त हा खरोखर निवडून येऊ शकतो. २०१५ साली एका गटानं ठरवून मतं टाकून आपली नावं यादीत घुसवली, तर मतदारांनी लघुकथेसकट पाच विभागांत ‘कुणालाच नको’ला निवडून दिलं. जिथं मतपत्रिकेवरच नाही म्हणायची सोय आहे, तिथं तुम्ही वहीत नाही म्हणायला कशाला घाबरता?

नेब्युलाचं वेगळं. तिथं लेखकांच्या संघटनेचे सदस्य मत देतात, म्हणजे सुताराचं काम सुतारानंच तपासायचं. त्या यादीत घडणीच्या करामती जरा जास्त असतात असं मला वाटतं. तुम्हाला उलटं वाटलं तर तेही लिहा.

आता जमेल का. मी गडचिरोली जिल्ह्यात, वडशापासून आत एका गावात राहतो. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. इंग्रजी बारावीपर्यंतचं. सुरुवात लघुकथेपासून करा, ती ७,५०० शब्दांच्या आत असते. त्याच्या वर १७,५०० पर्यंत नॉव्हेलेट आणि पुढे ४०,००० पर्यंत नॉव्हेला, ते नंतर बघू. क्लार्क्सवर्ल्ड, अनकॅनी, लाइटस्पीड, स्ट्रेंज होरायझन्स या नियतकालिकांतल्या कथा फुकट वाचता येतात. मी दुकानात नेटवर्क असताना उतरवून घेतो आणि रात्री लाइन गेली की वाचतो.

पण माझं खरं काम पहाटे होतं. ह्यूगोची नामांकनं बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये येतात, आणि तेव्हाच आमच्याकडे मोह पडतो. उजाडायच्या आधी मायसोबत मोहफुलं वेचायला जातो. अस्वलालाही मोह आवडतो, त्यामुळे वेचताना तोंड चालू ठेवावं लागतं. गावातल्या गोष्टी संपल्या की मी रात्री वाचलेली कथा मायला सांगतो. ती जिथं मधेच अडवून विचारते, तिथं माझ्या लेखाची पहिली ओळ असते.

एक उदाहरण देतो. केन लिऊ यांची ‘द पेपर मेनॅजरी’. ह्यूगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी हे तिन्ही पुरस्कार मिळवणारी पहिली कथा. चीनहून अमेरिकेत आलेली आई भेटवस्तूंच्या वेष्टनाच्या कागदाचे वाघ, म्हशी घडवते, फुंकर घालते आणि ते जिवंत होतात. पोराला मोठेपणी आईच्या भाषेची लाज वाटायला लागते. आई गेल्यावर कळतं, तिनं वाघाच्या कागदाच्या आतल्या बाजूला चिनीत चिठ्ठी लिहून ठेवली आहे. मी वहीत फुंकरीवर पानभर लिहिलं होतं, कल्पिताचा नियम किती साधा आहे, लेखकानं तो कसा पाळला आहे वगैरे. मायनं हातातली टोपली खाली ठेवली. ‘पोराले तं चिनी वाचता येत नाही. चिठ्ठी कोनाकडून वाचून घेतली मंग?’

कथेत तो एका अनोळखी पर्यटक बाईकडून वाचून घेतो. मी हे एका ओळीत उरकलं होतं. माझ्या दुकानात रोज कुणीतरी बँकेची नोटीस नाहीतर तहसीलचा कागद वाचून घ्यायला येतं, वाचून झाल्यावर चेहरा कसा होतो ते मी रोज बघतो, आणि तरी मला ती जागा दिसली नव्हती. स्वतःच्या आईचं बोलणं परक्याच्या तोंडून ऐकायची वेळ येते, ही शिक्षा आहे. पान फाडलं, तिथून लिहिलं.

त्याच लेखात तक्रारही केली. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकात शेवटच्या प्रवेशात चिठ्ठी निघाली की अख्खा मंडप रडतो. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, ही युक्ती आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मीही रडलो, पण आईचं सगळं आयुष्य एका चिठ्ठीत कोंबलंय हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

लेखकाच्या नावाचं दडपण येत असेल तर वाचताना नाव झाकून ठेवा. जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली कथा पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावानं. बक्षीस जगतापांनाच मिळालं.

मराठीत लिहिताना एक गोची हमखास होते. इंग्रजीत ‘आय’ म्हणून सांगणारं पात्र बाई की बाप्या हे शेवटपर्यंत झाकता येतं, आपल्याकडे पहिल्या क्रियापदातच भांडं फुटतं. नेओमी क्रिट्झर यांची २०१६ ची ह्यूगो विजेती ‘कॅट पिक्चर्स प्लीज’ एक कृत्रिम बुद्धीच सांगते. तो, ती की ते? बुद्धी स्त्रीलिंगी म्हणून मी ‘ती’वर आलो, पण मन मानेना. मायला असला प्रश्न पडत नाही, ती स्वतःही ‘मी येतो’ असंच म्हणते.

या कथेतल्या बुद्धीला सगळ्यांचं सगळं माहीत असतं, कुणाला कसली नोकरी हवी, कोण आतून खचलंय. ती तिघांचं भलं करायला जाते आणि माणसं सरळ ऐकत नाहीत. गमतीदार आहे, हलकी आहे, शेवटी जरा सैल पडते. फॉर्म भरताना गावातल्या निम्म्या लोकांचं उत्पन्न, कर्ज, जन्मतारीख माझ्या संगणकातून जाते, म्हणून मला तिची जरा जास्तच कणव आली. चांगुलपणाचा नियम कुठून आणावा यावर तिची घालमेल चालते, त्यावर मी दोन पानं लिहिली. मग मायला सांगितलं, की एवढं करून तिला बदल्यात फक्त मांजरांचे फोटो पाहिजे असतात.

‘म्हंजे फुकट नाही करत थे,’ माय म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे निघाली.

दोन पानांपैकी अर्धं पान उरलं. तेवढंच ठेवलंय.