‘धोका’ नव्हे, मित्रद्रोह

म्हापशाच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे. जिवाभावाच्या मैत्रिणीने त्यांची खासगी गोष्ट चारचौघांत सांगितली. त्याबद्दल लिहिताना त्यांनी ‘तिने मला धोका दिला’ असे वाक्य लिहिले आणि त्यांच्या जुन्या मराठीच्या सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली. त्या विचारतात: दगा, गद्दारी, फितुरी, विश्वासघात यांतला कोणता शब्द इथे बसतो? आणि मित्रामित्रांत जे घडते त्याला वेगळा शब्द आहे का?

सरांना माझा नमस्कार सांगा. मराठीत धोका कोणी कोणाला देत नाही. धोका असतो, संभवतो, टळतो, आपण तो पत्करतो. चोर्ला घाटात वळण धोक्याचे असते, जुलैत नदी धोक्याची पातळी ओलांडते. हिंदीतल्या ‘धोखा’चा अर्थ फसवणूक. मालिकांची भाषांतरे करणाऱ्यांनी त्यातला ‘ख’ पुसून तो शब्द तसाच आपल्या पदरात टाकला आणि आता तो लग्नाच्या मांडवात, नाटकाच्या तालमीत, वर्तमानपत्राच्या मथळ्यांतही ऐकावा-वाचावा लागतो. ‘मित्राने धोका दिला’ हे वाक्य कानावर पडले की मला खरोखर त्रास होतो. या एका गोष्टीसाठी मराठीजवळ अर्धा डझन शब्द आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

ती कामे भराभर सांगतो. दगा फारसीतून आला. त्याला मैत्री लागत नाही, शत्रूही दगा देतो. 1583 मध्ये पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांना ठार मारले. तो दगा. बोलावणारे त्यांचे मित्र कधीच नव्हते. गद्दारी अरबी ‘गद्र’वरून आली, उत्तरेत 1857 ला ‘गदर’ म्हणतात तोच हा शब्द. गद्दारीला पक्ष लागतो, धनी लागतो, झेंडा लागतो. म्हणून ती राजकारणात शोभते आणि गोव्यात तिची टंचाई नाही. 2022 च्या जानेवारीत एका पक्षाच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबरात निवडून आलेल्या 11 जणांपैकी 8 जण पलीकडे गेले. याला गद्दारी म्हणा, शपथभंग म्हणा, पण दोन मैत्रिणींमधल्या गोष्टीला हे नाव लावू नका.

फितुरीत तिसरा माणूस लागतो. कोणीतरी फितवतो तेव्हा कोणीतरी फितूर होतो. कोर्टाच्या बातम्यांत ‘साक्षीदार फितूर’ म्हणतात ते अगदी अचूक आहे. मूळ अरबी ‘फुतूर’ म्हणजे शिथिलपणा, ओसरणे, आणि त्याच धातूतला ‘फातिर’ म्हणजे कोमट. निष्ठा आधी कोमट होते, माणूस नंतर उठून जातो. सुंदर शब्द आहे, जत्रेच्या नाटकातल्या ऐतिहासिक प्रवेशात तो दणक्यात वाजतो, पण तुमच्या मैत्रिणीला कोणी फितवलेले दिसत नाही. विश्वासघात चुकीचा नाही, फक्त फार ऐसपैस आहे. सावकार, वैद्य, नोकर, नवरा, कोणीही विश्वासघात करू शकतो. आणि ‘केसाने गळा कापणे’ हा आपला अस्सल वाक्प्रचार जवळिकीतल्या घाताचा असला, तरी तो घात कसा केला हे सांगतो, काय मोडले हे सांगत नाही.

काय मोडले हे सांगणारा शब्द एकच: मित्रद्रोह. भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात तो अर्जुनाच्या तोंडी आहे, ‘मित्रद्रोहे च पातकम्’. लोभाने बुद्धी झाकलेल्या कौरवांना मित्रद्रोहातले पाप दिसत नाही, असे तो म्हणतो. आपण हा शब्द पुस्तकी म्हणून बाजूला सारला. त्याच्या पोटात काय आहे ते पाहा.

इराणच्या अवेस्ता ग्रंथात मिथ्र देवाचे एक मोठे स्तोत्र आहे, दहावा यश्त. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: ‘मिथ्रो-द्रुज्’. संस्कृतातल्या ‘मित्रद्रुह्’चा तो सख्खा भाऊ. दोन्ही पदे तीच, जोडणीही तीच. भारत आणि इराण यांच्या भाषा एकमेकींपासून वेगळ्या होण्याआधीच आपल्या पूर्वजांजवळ या अपराधाला नाव होते, हे मला पहिल्यांदा कळले त्या दिवशी दुसरे काही वाचवेना. आणि अवेस्तात त्या शब्दाचा अर्थ ‘मित्राला फसवणारा’ असा नाही. अर्थ आहे ‘करार खोटा पाडणारा’. तिथे ‘मिथ्र’ हे सामान्यनाम म्हणून आले की त्याचा अर्थ करार, दिलेला शब्द. मित्राला त्या भाषेत वेगळाच शब्द आहे, ‘हखि’, म्हणजे आपला ‘सखि’, सखा.

स्तोत्र सुरुवातीलाच बजावते की करार मोडू नकोस, खोट्या माणसाशी केलेला असो की सच्च्या माणसाशी, कारण करार दोघांनाही लागू आहे. पुढे तर करारांच्या बळाची उतरंडच दिली आहे. दोन सख्यांमधला करार 20 पट, सहाध्यायांमधला 60, गुरुशिष्यांमधला 70, भावांमधला 90, बापलेकांमधला 100 आणि दोन देशांमधला 1000 पट. मैत्रीचा आकडा त्यात सगळ्यात लहान आहे. माझ्या मते याचे कारण असे की इतर नात्यांना रक्त, घर, कायदा असे दुसरेही टेकू असतात, मैत्रीला दिलेल्या शब्दाशिवाय टेकू नाही. म्हणून तिथे आकडा लहान आणि मोडतोड सोपी.

आंत्वान मेये या फ्रेंच पंडिताने 1907 मध्येच मांडले होते की मित्र हा देव म्हणजे मुळात करार, देवरूप झालेला. अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, बोआझक्यॉयच्या उत्खननात हित्ती आणि मितान्नी या प्राचीन राज्यांच्या राजांमधला इ.स.पू. चौदाव्या शतकातला तह सापडला. त्यात साक्षीला बोलावलेल्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार, आहेत. तहाच्या साक्षीला मित्र! याहून बोलका पुरावा कोणता हवा? ऋग्वेदातल्या मित्रसूक्ताचा आरंभ पाहा, ‘मित्रो जनान् यातयति ब्रुवाणः’. मित्र बोलून लोकांना जागच्या जागी ठेवतो. बोलून, म्हणजे शब्दाने. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली, त्यातले सातवे ‘मित्र’ म्हणजे संधीने बांधलेला राजा. गळ्यात गळे घालणारा सोबती तिथे अभिप्रेत नाही.

आता यास्क, वेदांतल्या शब्दांची फोड करणारा प्राचीन पंडित. आपल्या निरुक्त या ग्रंथात तो तीन व्युत्पत्त्या देतो, पहिली ‘प्रमीतेः त्रायते’, मरणापासून वाचवतो तो मित्र. ही व्युत्पत्ती शाळेशाळेत सांगितली जाते, मैत्रीदिनाच्या भाषणात तर हमखास. ऐकायला गोड, भाषेच्या नियमात शून्य. दुसरी मंडळी उणादिसूत्र या जुन्या व्याकरणग्रंथाचा आधार घेऊन ‘मिद्’ धातू सांगतात, स्नेहाचा, म्हणजे ओलाव्याचा, तेलातुपाचा. मग मित्र म्हणजे स्निग्ध माणूस. अमरकोशाने तर मित्र, सखा, सुहृत् एका ओळीत कोंबून तिघांचा फरकच मिटवला. यान गोंडा हे थोर डच पंडितही 1972 मध्ये मेयेंच्या विरुद्ध उभे राहिले. त्यांच्या मते मित्र म्हणजे हितकर्ता, सलोखा राखणारा, करार हा अर्थ फार कोरडा. कोरडा का? करार म्हटले की यांना मुद्रांक आणि वकील दिसतात. ज्या समाजात लेखन नव्हते तिथे उच्चारलेला शब्द हीच माणसाची सगळी अब्रू होती. त्या शब्दाला कोरडा म्हणणाऱ्याला मैत्री भावनेची वाफ वाटते, आणि वाफ कोणी मोडू शकत नाही. मग मित्रद्रोह घडणार कसा? या प्रश्नाचे उत्तर मला स्नेहवाद्यांकडून आजवर मिळालेले नाही.

‘-त्र’ हा प्रत्यय साधन दाखवतो: पात्र, वस्त्र, मंत्र, शस्त्र. मि-त्र म्हणजे देवाणघेवाणीचे किंवा बांधण्याचे साधन. म्हणूनच संस्कृतात सोबती या अर्थी ‘मित्रम्’ नपुंसकलिंगी आहे आणि शाळेत सगळी मुले तिथे चुकतात. ते आधी वस्तूचे नाव होते, बंधनाचे. माणसावर ते नंतर चढले, असे मी मानतो. माझे आणखीही एक मत आहे आणि ते मी सोडणार नाही. मिथस् म्हणजे परस्पर, मिथुन म्हणजे जोडी, मिथ्या म्हणजे खोटे. हे तिन्ही एका घरातले, अदलाबदलीच्या कल्पनेतून आलेले, आणि मित्र त्यांच्याच भाऊबंदांत बसतो. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दिलेले तसेच पोचले तर मित्र, उलटे होऊन पोचले तर मिथ्या.

द्रोहाचीही तीच गत. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, म्हणतो ‘द्रुह जिघांसायाम्’, मारायची इच्छा. आपण तो अर्थ धरून बसलो, म्हणून राजद्रोह, देशद्रोह म्हटले की तलवारी दिसतात. पण अवेस्तातला ‘द्रुज्’ म्हणजे असत्य. इराणमधल्या बहिस्तूनच्या कड्यावरच्या लेखात दारयवहु, म्हणजे सम्राट दरायस, बंडखोरांबद्दल सांगतो की ‘द्रौग’ देशात माजला, म्हणजे खोटेपणा. जर्मनमध्ये फसवण्याला ‘बेत्र्यूगेन’ म्हणतात, तोही याच कुळातला. मित्रद्रोह म्हणजे दिलेला शब्द खोटा करणे. सुरा लागत नाही, वैर लागत नाही.

द्रुपदाने द्रोणाला सुरा कुठे मारला होता? गुरुगृही असताना माझे राज्य तुझेही असेल म्हणाला, आणि गादीवर बसल्यावर मैत्री बरोबरीच्यांत असते म्हणाला. बस्स. एवढ्यावर दोन पिढ्या जळाल्या. उलट कर्णाला कृष्णाने जन्मरहस्य सांगून राज्य देऊ केले, तरी तो दुर्योधनाला सोडून गेला नाही. दुर्योधनाची बाजू न्यायाची नव्हती हे त्याला ठाऊक होते. खोट्या माणसाशी केलेला करारही करारच, असे सांगणारे ते इराणी स्तोत्र त्याने ऐकलेले नव्हते, तरी तो तसाच वागला.

म्हापशाच्या ताई, तुमच्या मैत्रिणीने चारचौघांत जे सांगितले ते कदाचित शब्दन् शब्द खरे असेल. लोक तेवढ्यावरून तिला सोडून देतील. मी सोडणार नाही. गुपित ऐकून घेणे हाच शब्द देणे असते, तो वेगळा उच्चारावा लागत नाही. तिने उघड केलेली गोष्ट खरी, खोटी पडली ती मैत्री.

आपल्याकडे कोंकणीत मित्राला ‘इश्ट’ म्हणतात. तो ‘इष्ट’, हवाहवासा माणूस. मराठी लग्नपत्रिकेत आपण ‘इष्टमित्रांसह’ यायला सांगतो आणि ती द्विरुक्ती समजून पुढे जातो. द्विरुक्ती नाही ती. इष्ट म्हणजे जो आवडतो, मित्र म्हणजे ज्याच्याशी शब्द बांधला आहे. आवड सरते, त्यात पाप नाही. कोणी आपल्याकडे येईनासा झाला, फोन करीनासा झाला, त्याला द्रोह म्हणू नये. हल्ली तेवढ्यासाठीही ‘धोका’ वापरतात, आणि म्हणूनच मला हे सगळे लिहावे लागले.

वापरताना एक काळजी घ्या. ‘मैत्रिणीने मला मित्रद्रोह दिला’ असे लिहाल तर सर पुन्हा लाल रेघ ओढतील, आणि ओढावीच. द्रोह करतात. पाणिनीने ज्याचा द्रोह होतो त्याला चतुर्थी सांगितली आहे, ‘मित्राय द्रुह्यति’. मराठीत ‘तिने माझ्याशी द्रोह केला’ किंवा ‘माझा द्रोह केला’, दोन्ही चालते. ‘माझ्याविरुद्ध द्रोह’ मात्र नको, ती राजद्रोहाच्या खटल्यांतली भाषा आहे.