वाचक विचारतात: मूमिनचं तोंड आणि आवाज जुळत का नाही?

प्रश्न: माझा आठ वर्षांचा मुलगा मोबाईलवर मूमिनचं जुनं कार्टून बघतो, इंग्लिशमधून. मी पण पोळ्या लाटता लाटता बघते आणि मला आवडायला लागलंय, पण कधी कधी चेहरा एक बोलतो आणि आवाज दुसरंच बोलतो असं वाटतं. दीर म्हणतात ते जपानी आहे, मुलगा म्हणतो युरोपचं. खरं काय? आणि आपल्या अहिराणीत असं काही करता येईल का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर: ताई, दोघंही बरोबर आहेत. मूमिन, म्हणजे पाणघोड्यासारखी दिसणारी ती गुबगुबीत मंडळी, लिहिली आणि काढली तूवे यान्सन यांनी, त्या फिनलंडच्या पण घरची भाषा स्वीडिश. पहिलं पुस्तक 1945 चं. मग 1954 पासून लंडनच्या एका पेपरात रोज मूमिनची चित्रपट्टी यायला लागली, म्हणजे ती इंग्लिशमध्येच छापली जायची, तूवेबाई स्वीडिशमध्ये लिहायच्या आणि त्यांचा भाऊ लार्स इंग्लिश करून द्यायचा, पुढे तर चित्रंही तोच काढायला लागला. 1969 ला जपानमध्ये त्यावर एक कार्टून आलं, त्यातली मारामारी, गाड्या वगैरे बघून तूवेबाई नाराज झाल्या. तुमचा मुलगा बघतोय ते बहुतेक 1990 चं, जपानी, डच आणि फिनिश लोकांनी मिळून केलेलं, आणि त्याच्या कथांकडे दोघा भावंडांनी स्वतः लक्ष दिलं. म्हणजे बघा, लंडनच्या पेपरात इंग्लिशमध्ये छापलेली गोष्ट जपानीत गेली आणि तिथून परत इंग्लिशमध्ये आली! मला ही गोष्ट फार भारी वाटते.

आता तोंडाचं. जपानी कार्टूनमध्ये आवाज बहुतेकदा चित्रं झाल्यावर भरतात आणि तोंडाची चित्रं साधारण तीनच असतात, बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. त्यामुळे ओठ जुळवणं तसं सोपं, तोंड किती वेळ उघडं आहे ते मोजायचं आणि तेवढ्यात बसेल असं वाक्य लिहायचं. खरा घोळ वाक्याच्या रचनेत आहे. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. 'वाताशी वा उमी ए इकानाई', म्हणजे 'मी समुद्रावर जाणार नाही'. तो 'नाई' शेवटी, आपला 'नाही' पण शेवटी. म्हणून चित्रात चेहरा कुठे पडतो? एकदम शेवटी. इंग्लिशमध्ये मात्र नकार वाक्याच्या दुसऱ्या शब्दालाच येऊन जातो, 'आय वोन्ट' झालं की समजलं सगळं, आणि चेहरा अजून शांत! तुम्हाला जे खटकतं ते बरेचदा हेच असतं. इंग्लिश संवाद लिहिणारा चांगला असेल तर वाक्य फिरवून महत्त्वाचा शब्द शेवटी नेतो, पण प्रत्येक वाक्याला ते जमत नाही.

नावांचं पण असंच. मूमिनची मैत्रीण इंग्लिशमध्ये स्नॉर्कमेडन, जपानीत त्या मालिकेत ती फ्लोरेन. 1987 ची एक डच चित्रपट्टीवरची मालिका आहे, तिच्यातला बैल डचमध्ये बूस आणि इंग्लिशमध्ये ऑली. माझ्या मते नाव बदललं की पात्राचा स्वभाव पण थोडा बदलतो, आपल्याकडे पोराला घरी 'बाळ्या' म्हणणं आणि शाळेत पूर्ण नावाने हाक मारणं वेगळंच ना.

अहिराणीचं विचारलंत ते सगळ्यात छान. मला तर वाटतं इंग्लिशपेक्षा अहिराणीत ते जास्त चांगलं बसेल, शब्दांचा क्रम जपानीच्या जवळ आहे म्हणून. लांबी मात्र सांभाळायची. 'तू कोठे जाई ऱ्हायना?' हे लांब होतं, तोंड मिटल्यावरही आवाज चालूच राहील, तिथं 'कोठे चालना रे?' पुरतं. स्टुडिओत संवाद सोडून फक्त संगीत आणि बाकीचे बारीकसारीक आवाज असलेलं वेगळं रेकॉर्डिंग मिळतं, घरी ते नसतं, म्हणून घरी आवाज बंद केला की संगीत पण जातं. तरी करून बघा. मोबाईल उभा ठेवा, आवाज बंद, मुलगा मूमिन, आणि घरात आजी असतील तर त्यांना मूमिनची आई करा. एक मिनिटाचा तुकडा घ्या, आधी दोनदा नुसता बघा, कोण कधी तोंड उघडतं ते बोटावर मोजा, मग वाक्यं ठरवा. जमलं की आम्हाला नक्की कळवा, आजींनी कुठली वाक्यं घातली ते मला वाचायचंय.