तान्ह्या पोळ्याचा एकशिंगी बैल

प्रश्न : तान्ह्या पोळ्याला माझ्या नातीच्या लाकडी बैलाचे एक शिंग मोडले. मी ते चिकटवून देत होतो, पण तिने ते करू दिले नाही. तो आता ‘युनिकॉर्न’ झाला, असे ती म्हणते. तिच्या दप्तरावर कपाळावर शिंग असलेल्या पांढऱ्या घोड्याचे चित्र आहे. असा प्राणी खरोखर होता काय? आपल्याकडच्या कथांत तो आढळतो काय?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : कपाळावर एकच शिंग असलेला घोडा कधीही अस्तित्वात नव्हता, मात्र त्याच्या कथेचा माग काढू लागलो, की तो आपल्याच देशाकडे वळतो. इराणच्या राजदरबारी वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने इ. स. पू. 400 च्या सुमारास लिहून ठेवले, की भारतात पांढऱ्या अंगाचे, तांबड्या डोक्याचे, सुमारे दीड फूट लांबीचे एकच शिंग असलेले रानगाढव असते आणि त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्यास विष बाधत नाही. तो स्वतः भारतात आलेला नव्हता. ऐकीव वर्णनात गेंडा आणि रानगाढव यांची सरमिसळ झाली असावी, असे मानले जाते व मलाही ते पटते. विष उतरवणारे म्हणून युरोपात पुढे जे शिंग अतिशय महाग विकले गेले, ते उत्तरेकडील थंड समुद्रातल्या नारव्हाल या जलचराचा पीळदार सुळा होता, हे डेन्मार्कच्या ओले वर्म या वैद्याने 1638 मध्ये दाखवून दिले.

आपल्या कथांमध्ये शिंग आहे, पण ते ऋषीच्या मस्तकावर. महाभारताच्या वनपर्वातील ऋष्यशृंग हा विभांडक ऋषींचा, हरिणीच्या पोटी जन्मलेला पुत्र. अरण्यात वाढलेल्या या मुलाने स्त्री कधी पाहिलेलीच नव्हती. अंगदेशात पाऊस पडेना, तेव्हा राजा लोमपादाने गणिका पाठवून त्याला मोहात पाडले आणि आपल्या राज्यात आणवले. त्याचे पाऊल पडताच पाऊस आला. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या भागातील वाचकांना या कथेतील राजाची तगमग वेगळी सांगायला नको. युरोपीय कथेतही युनिकॉर्न कुमारिकेच्या मांडीवर डोके टेकवतो, तेव्हाच पकडला जातो. या दोन कथांचे नाते असावे, असे काही अभ्यासकांना वाटते.

आपल्या नातीच्या खेळण्याशी याहूनही जुनी एक गोष्ट जुळते. चार हजार वर्षांहून अधिक जुन्या सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वांत जास्त वेळा कोरलेला प्राणी एकशिंगी आहे आणि त्याचे धड घोड्याचे नव्हे, बैलासारखे आहे. बाजूने पाहिल्यामुळे दोन शिंगांचे एक दिसते, असे कोणी म्हणतात. मला ते मान्य नाही, कारण त्याच मुद्रांवर वशिंडाच्या बैलाची दोन्ही शिंगे स्पष्ट कोरलेली आहेत आणि एकशिंगी प्राण्याच्या भाजलेल्या मातीच्या लहान आकृतीही उत्खननात सापडल्या आहेत. म्हणून नातीने आपल्या बैलाला दिलेले नाव घोड्याच्या चित्रावरून आलेले असले, तरी तिचा बैल त्या घोड्यापेक्षा या मुद्रांच्या अधिक जवळ आहे. मुद्रेचे छायाचित्र मिळाल्यास तिला जरूर दाखवावे. त्या प्राण्याच्या खांद्यावर, पोळ्याच्या झुलीची आठवण व्हावी असे, काही पांघरलेले कोरले आहे.